बहुमंचीय अ‍ॅपविकसन
एकाच आज्ञावलीतून अँड्रॉइड व आयओएस या दोन्ही मोबाइल प्रणालींसाठी अ‍ॅप सिद्ध करण्याची पद्धती. 2008 साली दोन्ही प्रणालींची अ‍ॅप-भांडारे खुली झाली, आणि तेव्हापासून तेच अ‍ॅप निरनिराळ्या भाषांत दोनदा लिहिणे, दोनदा तपासणे व दोनदा दुरुस्त करणे हा दुहेरी खर्च, जो अल्प भांडवलाच्या संस्थांस विशेष जाचक होता, विकसकांच्या माथी बसला. त्यावर तोड म्हणून फेसबुकने 2015 मध्ये रिअ‍ॅक्ट नेटिव्ह, तर गूगलने 2018 मध्ये फ्लटरची पहिली स्थिर आवृत्ती प्रसिद्ध केली. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह पडद्यावरील बटण मूळ प्रणालीकडून मागून घेते. फ्लटर ते स्वतःच रेखाटते, म्हणून त्याचे रूप दोन्हीकडे हुबेहूब राहते, परंतु प्रणालीने आपला पेहराव बदलला की त्याला तो नव्याने अंगीकारावा लागतो. जेटब्रेन्सच्या कॉटलिन मल्टिप्लॅटफॉर्मने, जे 2023 मध्ये स्थिर झाले, हिशेब, साठवण व दळणवळण सामाईक ठेवून दर्शनी भाग स्वतंत्र राखण्याची मुभा दिली. दीर्घकाळ चालवावयाच्या अ‍ॅपांसाठी हाच मार्ग अधिक भरवशाचा होय.

मराठीपुरती एक बाब महत्त्वाची आहे. रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेल्या ठरावीक उंचीच्या बटणात ‘पूर्तता’ हा शब्द घातला, तर रफार वरून आणि ऊकार खालून छाटला जाण्याचा संभव असतो, आणि सामाईक आज्ञावलीमुळे तो दोष एकदमच दोन्ही प्रणालींवर उमटतो. यास्तव विकसकांनी प्रत्येक पडदा देवनागरी मजकूर भरूनच तपासावा.