घरगुती संगणकावरील डीव्हीडी निर्मिती आणि तीतील अडचणी

घरगुती संगणकावरील डीव्हीडी निर्मिती म्हणजे कॅमेऱ्यातील, जुन्या फितीवरील किंवा संगणकात साठवलेल्या चित्रणापासून दूरचित्रवाणी संचाच्या डीव्हीडी प्लेयरवर चालेल अशी तबकडी तयार करणे होय. या प्रक्रियेचे तीन टप्पे आहेत: चित्रणाचे एमपीईजी-२ या स्वरूपात रूपांतर, त्यापासून डीव्हीडी-व्हिडिओची रचना आणि शेवटी ती रचना कोऱ्या तबकडीवर लिहिणे, म्हणजेच 'बर्न' करणे. बिघाड बहुधा तबकडी लावल्यावरच लक्षात येतो. त्यामुळे दोष तबकडीला किंवा रायटरला दिला जातो; प्रत्यक्षात चूक पुष्कळदा पहिल्या दोन टप्प्यांत झालेली असते.

रचनेविषयीचा गैरसमज

एव्हीआय किंवा एमपी४ फाइल तबकडीवर नुसती उतरवली तर ती डेटा तबकडी होते. संगणक ती वाचतो. साधा प्लेयर मात्र 'तबकडी चुकीची आहे' असा संदेश देतो. डीव्हीडी-व्हिडिओमध्ये व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर आवश्यक असतो. त्यातील व्हीओबी फाइलींत चित्र व ध्वनी, आयएफओ फाइलींत मेनू व प्रकरणांची माहिती आणि बीयूपी फाइलींत त्या माहितीची प्रत असते. एक व्हीओबी फाइल जास्तीत जास्त १ गिगाबाइटची असते. त्यामुळे एकच चित्रण अनेक तुकड्यांत विभागलेले दिसते. तो दोष नव्हे.

रूपांतरातील दोष

भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीत चित्राचा आकार ७२० × ५७६ बिंदू आणि वेग सेकंदाला २५ चौकटी असतो. अमेरिका व जपानमधील एनटीएससी पद्धतीत हीच मापे ७२० × ४८० आणि २९.९७ आहेत. भारतातील प्लेयर सहसा दोन्ही पद्धती चालवतात, परंतु अमेरिकेतील अनेक प्लेयर पाल तबकडी चालवत नाहीत. लग्नाची किंवा मुंजीची तबकडी परदेशातील नातेवाइकांना पाठवल्यावर ती 'कोरी' असल्याचे कळते, त्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. त्याचा दोष प्रादेशिक संकेतांकाला देणे बरोबर नाही. घरगुती तबकडीवर असे बंधन सामान्यतः नसते.

ओठांची हालचाल आणि आवाज जुळत नसेल, तर अंतर कसे वाढते हे प्रथम पाहावे. ते आरंभापासून अखेरपर्यंत सारखेच असेल तर ध्वनी ठरावीक काळाने मागेपुढे सरकवणे पुरेसे असते. अंतर हळूहळू वाढत गेले तर मूळ चित्रणातील चौकटींचा वेग अस्थिर असण्याची शक्यता असते. मोबाइलवरील चित्रणात हे वारंवार आढळते. अशा वेळी आधी वेग स्थिर करून घ्यावा लागतो. डीव्हीडीसाठी ध्वनीचे नमुने सेकंदाला ४८,००० असावे लागतात; सीडीचा ४४,१०० हा दर येथे चालत नाही.

हालचालीच्या दृश्यांत चित्र थरथरत असेल तर विषम व सम रेषांचा क्रम उलटा झालेला असतो. डीव्ही फितीवर खालचे क्षेत्र आधी येते, हे रूपांतर करताना सांगावे लागते.

एकपदरी तबकडीची ४.७ गिगाबाइट ही क्षमता दशमान पद्धतीची आहे. काही संगणक ती सुमारे ४.३८ दाखवतात. दोन तासांचे चित्रण त्यात बसवायचे तर चित्र व ध्वनी मिळून सरासरी सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट एवढाच दर ठेवता येतो. चार तास कोंबल्यास चित्र चौकटी-चौकटींचे दिसू लागते.

तबकडी लिहिताना

चांगल्या प्रतीच्या तबकडीवर मध्यम वेगाने लिहिणे हितावह असते. लेखन पूर्ण झाल्यावर तबकडी 'फायनलाइझ' न केल्यास ती इतर प्लेयरवर चालत नाही. पुनर्लेखनयोग्य तबकडीचे परावर्तन कमी असल्यामुळे जुने प्लेयर ती नाकारतात. हार्ड डिस्क फॅट३२ पद्धतीची असेल तर ४ गिगाबाइटहून मोठी प्रतिमा-फाइल तिच्यावर मावत नाही आणि काम मध्येच थांबते. विंडोज एक्सपीमध्ये वारंवार चुका झाल्यास रायटरचा मार्ग डीएमएवरून पीआयओवर उतरतो. मग लेखन अतिशय मंद होते आणि नवा रायटर आणूनही फरक पडेलच असे नाही. कागदी लेबल चिकटवल्याने तबकडीचा तोल बिघडतो, ते टाळावे.

दोष शोधण्याचा क्रम

सर्वांत उपयुक्त सवय म्हणजे बर्न करण्यापूर्वी व्हिडिओ_टीएस फोल्डर संगणकावरच चालवून पाहणे. तेथेच आवाज सरकलेला असेल तर दहा तबकड्या वाया घालवूनही तो सुधारणार नाही. फोल्डर बिनचूक चालला आणि तबकडी अडखळली, तरच वेग, तबकडीचा प्रकार व रायटर यांकडे वळावे. शक्य असल्यास पहिला प्रयोग पुनर्लेखनयोग्य तबकडीवर करून, लिहिल्यावर पडताळणीचा पर्याय वापरावा.

हे सारे होईपर्यंत मूळ फीत पुसू नये. रूपांतरात गेलेला तपशील परत मिळत नाही आणि घरी लिहिलेल्या तबकडीतील सेंद्रिय रंगद्रव्याचा थर ऊन व उष्णतेने खराब होतो. व्हीएचएस फितीवरील चित्रण उतरवून घेतल्यावरही फीत आणि संगणकातील मूळ फाइल दोन्ही जपून ठेवाव्यात.