खुणेचा दगड

लपवलेली वस्तू हुडकण्याचा खेळ लहानपणी कोण खेळलं नाही? पण हाच खेळ मोठी माणसं उपग्रहांच्या मदतीने जगभर खेळतात, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. झाडाच्या ढोलीत किंवा दगडाआड एक डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि ज्याला हौस असेल त्याने यंत्र घेऊन तो शोधायचा. डब्यात एक वही असते. डबा सापडला की वहीत नाव नि तारीख लिहायची, डबा होता तसा ठेवायचा आणि घरी यायचं. बक्षीस वगैरे काही नाही. ऊन असो, पाऊस असो, या खेळाची मंडळी बाहेर पडतात.

जन्मभर इतिहास शिकवल्यामुळे प्रत्येक गोष्टीची जन्मतारीख विचारायची मला खोड आहे. या खेळाची तारीख अगदी पक्की आहे. अमेरिकन सरकार सामान्य लोकांना मिळणाऱ्या जीपीएसच्या संदेशात मुद्दाम थोडी चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसायची. २ मे २००० रोजी ही चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने एक बादली रानात अर्धवट पुरून ठेवली आणि तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर सांगून टाकला. 'काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा' एवढाच नियम. झाला खेळ सुरू!

आता हा खेळ आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत चालेल का? मला तरी कठीण वाटतं. चंद्रपूरकडे वाघ आहे. ताडोब्याचा गाभा १ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत पर्यटकांना बंद असतो, पण वाघाला गाभा आणि शेत यांतला फरक कुणी शिकवलेला नाही. वाट सोडून झुडपांत हात घालत हिंडणं हा काही खेळ नव्हे. आणि गडचिरोलीत तर अनोळखी डब्याकडे बघण्याची नजरच वेगळी आहे. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनी, कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ भूसुरुंग फुटला. त्यात पंधरा पोलिस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक असे सोळा जण गेले. ज्या जिल्ह्यात जमिनीत पुरलेल्या वस्तूचा अर्थ इतकी वर्षं असा होता, तिथे गंमत म्हणून डबा पुरावा असं कुणालाच वाटणार नाही.

पण मंडळी, आमच्याकडे शोधण्यासारख्या खुणा नाहीत असं मात्र नाही. फक्त त्या डब्याच्या नाहीत, दगडाच्या आहेत.

जुन्या मध्य प्रांताच्या मोजणीत, जिथे तीन गावांच्या शिवा एकत्र येतात तिथे पक्का दगड रोवत. त्याला 'चांदा' म्हणत. आमच्या शहराचं जुनं नावही चांदाच, त्यामुळे वर्गात हा शब्द आला की पोरं हसायची. आधी सर्व्हे खात्याच्या लोकांनी असे ठळक बिंदू पक्के केले आणि मग पटवाऱ्यांनी त्यांच्या आधाराने एकेक शेत नकाशात भरलं. आज आपल्या सातबाऱ्यावर जे काही लिहिलेलं असतं, त्याच्या मुळाशी कुठेतरी हे दगड आहेत.

मागच्या श्रावणात भाचीचा मुलगा पुण्याहून आला होता. त्याला हा डब्यांचा खेळ ठाऊक होता, पण आसपास डबा नाही म्हणून हिरमुसला. मी म्हटलं, चल, तुला दीडशे वर्षांचा डबा दाखवतो. गावनकाशाची जुनी प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि मूल तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो. पाऊस धो धो नव्हता, पण थांबतही नव्हता. बांध्या तुडुंब भरलेल्या, धुऱ्यावरून पाय घसरत होते. त्याने नकाशा आणि फोन जुळवून एक जागा काढली. फोनवरचा निळा ठिपका त्या जागेभोवती पंधरा-वीस पावलांत नाचत राहिला. गवत कमरेएवढं. दोन तास गेले, दगडाचा पत्ता नाही.

पलीकडच्या बांधीत रोवणी चालली होती. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईने आमची तारांबळ पाहून हाक मारली, "काय हुडकून राहिले जी गुरुजी?" मी सांगितलं. ती म्हणाली, "तो गोटा त मोहाच्या बुडाशी आहे जी. पोळ्याले आमचे बुढे त्याले शेंदूर लावत." आणि चिखलाचे हात तसेच घेऊन ती आली, गवत बाजूला केलं. दगड तिथेच होता. शेंदूर कधीच धुऊन गेला होता. पोराने फोनमध्ये फोटो काढला. मग मी त्याला त्या आजीचं नाव विचारून वहीत लिहायला लावलं.

ही दगडांची गोष्ट फार मोठ्या गोष्टीचा शेवटचा तुकडा आहे. तिची सुरुवात १८०२ साली मद्रासला झाली. विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने साडेसात मैलांची एक सरळ रेषा पोलादी साखळीने मोजली आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचत भारत मोजायला घेतला. एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू काढता येतात, हे आपण शाळेत शिकलो. लॅम्बटनने ते देशावर करून दाखवलं. कोन मोजायचं त्याचं थिओडोलाइट अर्ध्या टनाचं. ते टेकड्यांवर माणसांनी चढवायचं. ठाण्याच्या जागी खडकावर वर्तुळ आणि मध्ये टिंब कोरत. पुढे कुणी आलं तर त्याला नेमका तोच बिंदू सापडावा, म्हणून.

आणि यातला पावसाचा भाग ऐका. आपल्याला वाटेल, मोजणी कोरड्या दिवसांत करत असतील. पण उन्हाळ्यात हवा धुरकट असते, दूरची टेकडी दिसत नाही. पाऊस पडून गेला की धूळ बसते, हवा धुतल्यासारखी होते. आमच्या चंद्रपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. श्रावणात सर आली की लांबच्या टेकड्या जवळ आल्यासारख्या वाटतात, एरवी औष्णिक केंद्राच्या धुरात त्या हरवलेल्या असतात. म्हणून लॅम्बटनची माणसं नेमकी पावसाळ्यात रानात शिरत. आणि पावसाळ्यातल्या रानात दबा धरून असतो हिवताप.

१८१९ साली लॅम्बटनचा तरुण मदतनीस जॉर्ज एव्हरेस्ट कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधल्या रानांत मोजणी करत होता. आमच्या सिरोंच्यापलीकडचा, आजच्या तेलंगणातला हा मुलूख. पाऊस संपता संपता तापाने सगळी टोळी आडवी केली. एव्हरेस्टला पालखीतून हैदराबादला न्यावं लागलं, पुढे हवापालटासाठी तो आफ्रिकेच्या टोकाला जाऊन आला. डास आणि हिवताप यांचा संबंध रोनाल्ड रॉसने सिद्ध केला तो १८९७ साली. तोवर सगळे दोष देत ते रानातल्या हवेला. एव्हरेस्टचं नाव पुढे १८६५ साली जगातल्या सर्वांत उंच शिखराला दिलं गेलं. थिओडोलाइट वाहणारे, झाडं तोडून वाट करणारे, निशाण धरून पावसात उभे राहणारे जे खलाशी तापाने गेले, त्यांच्या नावाची टेकडीसुद्धा नाही.

खुद्द लॅम्बटन नागपूरला जाताना वाटेत वारला, २० जानेवारी १८२३ रोजी, हिंगणघाटला. आमच्याकडून गाडीने दीडेक तासाचं अंतर. वय सत्तरीच्या आसपास, म्हणजे माझ्याएवढंच. हिंगणघाटचा कापूस सर्वांना माहीत आहे. देश मोजणारा माणूस तिथल्या मातीत आहे, हे शाळेच्या पुस्तकात मला कधी आढळलं नाही.

दुसरी गोष्ट स्टीफन हिस्लॉपची. नागपूरचे लोक त्याला कॉलेजच्या नावावरून ओळखतात. पाद्री, शाळामास्तर आणि दगडांचा नादी. गोंडांची लिंगोची गाथा त्याने एका परधानाकडून उतरवून घेतली. सप्टेंबर १८६३ मध्ये तो रिचर्ड टेंपलबरोबर नागपूरजवळ टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला गेला. परतताना तो एका शाळेत रेंगाळला (मास्तरच तो!) आणि मागे राहिला. दिवस मावळला होता, नाल्याला पूर आला होता. ४ सप्टेंबरच्या त्या संध्याकाळी घोडा एकटाच मुक्कामावर परतला. हिस्लॉप बुडाला होता. त्याचे कागद टेंपलने १८६६ साली छापले, म्हणून लिंगोची गाथा आपल्या हाती आली. पुढे १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा इथे उत्खनन केलं, तेव्हा ती वस्ती अडीच हजार वर्षांपूर्वीची ठरली.

दोन्ही गोष्टींत मला एकच धागा दिसतो. खूण करणारा निघून जातो. खूण टिकते ती तिला ओळखणाऱ्यामुळे. लॅम्बटनचा बिंदू कितीही अचूक असो, हिस्लॉपने कितीही टिपणं ठेवलेली असोत, मागून येणाऱ्याला 'इथे आहे' असं सांगणारा माणूस गावात लागतो. खेळातल्या डब्याची नोंद संगणकात असते. शिवेच्या दगडाची नोंद मोहाच्या झाडात, शेंदरात आणि म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात असते.

ही नोंद आता झपाट्याने पुसली जाते आहे. बांध्या एक करताना ट्रॅक्टर-जेसीबी दगड उपटून टाकतात. उघड्या कोळसा खाणींत तर आमच्या जिल्ह्यातली काही गावं शिवेसकट गेली. शिळावर्तुळांचे दगड गिट्टीच्या भावाने जातात. पोरं शहरात आहेत आणि ज्यांना माहीत आहे त्यांना कुणी विचारत नाही.

वाचकहो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या हातात चांगले फोन आहेत आणि गावाकडे अजून एखादे आजोबा, एखादी आजी आहे. पुढच्या खेपेला गेलात की त्यांना शिवेवर घेऊन जा, आणि त्यांना चालवत नसेल तर बसल्या जागी विचारा. तीन गावांचा दगड कुठला, कुठल्या झाडाखाली, कोण त्याला काय म्हणतं, सगळं लिहून ठेवा. अक्षांश-रेखांश तर लिहाच, पण त्याच्याखाली दाखवणाऱ्याचं नावही लिहा. खेळाचा नियमही तोच आहे, वहीत नाव लिहायचं. आपल्या वहीत ते आजवर मोजणाऱ्याचं होतं, आता दाखवणाऱ्याचंही येऊ द्या.