तळटीप : सुब्रतोचे सामने

१. सुब्रतोचे सामने : भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाची ही शालेय फुटबॉल स्पर्धा १९६० साली दिल्लीत सुरू झाली. मूळ मजकुरातले जांभूळ हे अंबरनाथ तालुक्यातले, ठाणे जिल्ह्यातले गाव. या स्पर्धेच्या राष्ट्रीय फेरीपर्यंत पोहोचायला इथल्या शाळेला जिल्हा, विभाग, राज्य असे टप्पे पार करावे लागतात. शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून सुरुवातीचे सामने ऐन पावसात येतात : चुन्याच्या रेषा धुऊन जातात, चेंडू डबक्यात अडतो. खालच्या फेऱ्या सहसा बाद पद्धतीच्या. पहिलाच सामना हरलेल्या संघाची त्या वर्षीची स्पर्धा तिथेच संपते. मूळ मजकुरातले मुलांचे हरल्यानंतरचे रडणे यामुळे समजते. मुलांना हंगामभर खेळायला मिळावे, यासाठी तालुक्या-तालुक्यांत शालेय साखळी सामने व्हायलाच हवेत. — संपादक