धार देणारे हात



आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. भोवती कांदा आणि ऊस. म्हणजे घरोघरी विळा-कोयता आलाच. पाते घडविणाऱ्या लोहाराला गावगाड्यात बलुत्याचा मान होता, खळ्यावर धान्य मिळे. त्याच पात्याला धार देणारा शिकलगार मात्र बारा बलुत्यांच्या रूढ यादीत नाही. आज त्याच्याविषयी बोलावयाचे आहे.

ऐरणीवरून उतरते ते पाते, हत्यार नव्हे. लोहार ते लाल करून पाण्यात बुडवितो. त्याने ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही. म्हणून पुन्हा मंद शेकून, पिवळसर छटा चढताच थांबावे लागते. मग साणेचे काम. जुनी साण म्हणजे लाखेत कुरुंदाची पूड मिसळून केलेले चाक. एकाने पट्टा ओढावयाचा, दुसऱ्याने पाते टेकवावयाचे. हात जरा रेंगाळला की पाते तापून निळे पडते, दिलेले पाणी उतरते आणि धार टिकत नाही. म्हणून वारंवार पाण्यात बुडवीत, दोन्ही अंगांनी सारखे घासावयाचे. शेवटी बारीक दगडावर कड साफ करावयाची. लोहाराचे सारे श्रम येथे तरतात किंवा बुडतात.

शिकलगार हा शब्द 'सैकलगर'वरून आला. अर्थ, शस्त्राला जिल्हई देणारा. १८१८ साली पेशवाई गेली, १८७८ च्या कायद्याने शस्त्रे परवान्याखाली आली. तलवारीवर जगणारे हात चाकू, कात्री, विळीकडे वळले.

या कामाला माणूस काय किंमत देतो, याचा हिशेब विलायतेत झाला. शेफील्डला वालुकाश्माच्या चाकावर कोरडे घासणारे कामगार सरासरी पस्तिशीही जेमतेम गाठत, हे डॉ. नाइट यांचे मत एंगल्सने १८४५ च्या ग्रंथात नोंदविले. धूळ फुप्फुसात साचे. ओल्या दगडावर काम करणारे थोडे अधिक जगत. तेही क्वचितच पंचेचाळिशी ओलांडत.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा सरकारला कळविण्याचा रोग ठरविला. पण यंत्रशक्ती असेल तेथे निदान दहा कामगार, ही त्या मूळ कायद्याची अट. सायकलवर चाक बांधून एकटा हिंडणारा त्यात कसा बसावा? संघटना गेटवर उभी राहते. याला गेटच नाही.

मात्र १९६९ च्या माथाडी कायद्याने कायम एका मालकाकडे नसलेल्या हमालासाठीही मंडळ उभे करता येते, हे महाराष्ट्राने दाखविले. शिकलगाराला मालक नाही, गिऱ्हाइके आहेत. म्हणून त्याचा प्रश्न अधिक अवघड आहे. तो सोडविण्याचा आरंभ त्याची कामगार म्हणून नोंद करण्यापासून झाला पाहिजे, आणि ते काम आपल्याच गावात करता येण्याजोगे आहे.