तगर, तेर आणि गॅझेटियरचा वारसा

जुना ग्रंथ संगणकासाठी संकेतबद्ध करताना स्थलनाम मूळ लेखनाप्रमाणे ठेवावे आणि त्याचे प्रमाण रूप निराळे नोंदवावे, ही रीत १९८७ साली सुरू झालेल्या ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’ची देणगी समजली जाते, तिचे कूळ मात्र गॅझेटियरांत, म्हणजे स्थळांच्या नोंदींच्या कोशांत, शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. विल्यम जोन्सने अठराव्या शतकात लिप्यंतराचा पाया घातला आणि १८७१ मध्ये गॅझेटियरकार हंटरने भारतीय नामांच्या रोमन लेखनाची नियमावली सिद्ध केली, तरी ‘बॉम्बे’, ‘कलकत्ता’ ही रूढ रूपे त्यानेही मोडली नाहीत.

तथापि, खरी अडचण लेखनापेक्षा स्थाननिश्चितीची आहे आणि ‘तगर’ या नगराइतकी ती क्वचितच कोठे स्पष्ट दिसते. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर सांगितले आहे. शिलाहार राजेही स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत. हे तगर कोणते, याविषयी अभ्यासकांपैकी विल्फर्डने दौलताबाद सुचवले, भगवानलाल इंद्रजींनी जुन्नर, तर रामकृष्ण भांडारकरांनी धारूर. पहिली दोन स्थळे पैठणच्या पूर्वेस नाहीत, आणि धारूर दहा दिवसांच्या मानाने जवळ पडते. १९०१ मध्ये फ्लीटने पुढे केलेले धाराशिव जिल्ह्यातील तेर पैठणपासून सरळ रेषेत सुमारे १५० किलोमीटरवर असून तेथे सातवाहनकालीन अवशेष विपुल सापडतात. दिशा मात्र नेमकी पूर्व नसून आग्नेय आहे, हा आक्षेप उरतोच.

‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’च्या संकेतनाच्या जुन्या नियमांत प्रमाण रूप नामाच्या टॅगमध्येच, ‘रेग’ या गुणधर्मात, लिहीत. २००७ च्या ‘पी ५’ आवृत्तीत स्थलनामासाठी ‘रेफ’ हा गुणधर्म आला, जो गॅझेटियरमधील नोंदीकडे बोट दाखवतो, तर ‘सर्ट’ निश्चितीचे प्रमाण आणि ‘रिस्प’ मताचा धनी सांगतो. छापील चिकित्सक आवृत्तीतील पाठभेदांच्या टिपांना या पद्धतीचे पूर्वज ठरवणारा पक्ष दुबळा वाटतो, कारण पाठभेदाची टीप शब्दाचे रूप ठरवते, तर ‘रेफ’ जमिनीवरचे ठिकाण ठरवतो, आणि ते काम गॅझेटियरचेच होय. म्हणूनच ‘तगर’ पुसून सरसकट ‘तेर’ लिहिणारा संपादक लेखन सुधारत नसतो; तो फ्लीटचे अनुमान ग्रीक व्यापाऱ्याच्या तोंडी घालत असतो.