ठेका आणि मजुरी : बोरघाट ते डिंभे

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू सैद यांचे जन्मगाव. इ. स. १९०८ मध्ये एका गरीब शेतकरी कुटुंबात ते जन्मले, पोटासाठी मुंबईला गेले आणि कापडगिरणीत मजूर झाले. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीच्या परिसरात परदेशी कापड वाहून नेणाऱ्या लॉरीपुढे ते आडवे झाले आणि लॉरी त्यांच्या अंगावरून गेली. पुढे त्यांच्याच तालुक्यात घोड नदीवर डिंभे येथे धरण उभे राहिले, तेव्हा त्याच्या जलाशयाला त्यांचे नाव देण्यात आले.

ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. पुलाला गव्हर्नरचे, रस्त्याला पुढाऱ्याचे आणि इमारतीला दात्याचे नाव द्यावयाचे, ही जगाची रीत. मजुराचे नाव मिळालेली मोठी बांधकामे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मग प्रश्न पडतो तो असा की, ज्यांनी दगड फोडले, पाट्या वाहिल्या, चुना कालवला, त्यांच्या वाट्याला इतिहासात काय आले? नाव राहू द्या. निदान ठरलेली मजुरी तरी त्यांच्या हाती पडली काय? या प्रश्नाचा मागोवा घ्यावयाचा तर आपल्याच जिल्ह्याच्या सीमेवरील बोरघाटापाशी जावे लागते, कारण ठेकेदारी पद्धतीचे गुणदोष तेथे फार लवकर आणि फार स्पष्टपणे दिसून आले.

मुंबईहून पुण्याला जाणारा लोहमार्ग बोरघाटातून न्यावयाचे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ठरविले. जेम्स बर्कली हे तिचे मुख्य अभियंते. सुमारे २५ किलोमीटरच्या अंतरात १,८३१ फूट चढ चढावयाचा आणि त्यासाठी २५ बोगदे खोदावयाचे, असे ते काम होते. इ. स. १८५५ मध्ये ते विल्यम फेव्हिएल या इंग्रज ठेकेदाराला देण्यात आले. ठेकेदाराने पोटठेकेदार नेमले, पोटठेकेदारांनी मुकादम नेमले, आणि मुकादमांनी गावोगावची माणसे आणली. कंपनीच्या तिजोरीतून निघालेला रुपया अशा रीतीने तीनचार हातांतून खाली येई. प्रत्येक हाताला थोडा थोडा चिकटून शेवटच्या माणसापाशी किती पोहोचला, हे पाहणारे कोणी नव्हते. वेळेवर मजुरी न मिळाल्यामुळे जानेवारी १८५९ मध्ये घाटात मजुरांचा मोठा दंगा उसळला. त्याच वर्षी फेव्हिएलने ठेका सोडला.

त्यानंतर सॉलोमन ट्रेडवेल नावाचे ठेकेदार विलायतेहून आले. परंतु अल्पावधीतच, १८५९ सालीच, ते मृत्यू पावले. मागे राहिली त्यांची पत्नी ॲलिस. परका देश, नुकतेच आलेले वैधव्य आणि अंगावर पडलेला डोंगराएवढा ठेका. कोणीही मायदेशी परतले असते. ॲलिस ट्रेडवेल यांनी ठेका स्वतःकडे ठेवला, ॲडमसन आणि क्लाऊझर या दोन अनुभवी व्यवस्थापकांच्या हाती प्रत्यक्ष काम सोपविले आणि १८६३ मध्ये ते तडीस नेले. कामाचा भर असताना, १८६१ मध्ये, बेचाळीस हजारांहून अधिक माणसे घाटात राबत होती. पटकीच्या साथींनी त्यांतील हजारोंचा बळी घेतला. ठेकेदारांची, अभियंत्यांची आणि व्यवस्थापकांची नावे कागदोपत्री नीट टिकली आहेत. त्या बेचाळीस हजारांची मात्र केवळ संख्याच उरली.

तरीही घाटातील दंगा अगदीच वाया गेला नाही. मजुरीच्या तंट्यांकडे सरकारला लक्ष द्यावे लागले आणि १८६० मध्ये मालक व कामगार यांच्या तंट्यांविषयीचा कायदा झाला. रेल्वे, कालवे व इतर सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे न्यायाधिकाऱ्याने तातडीने निकालात काढावेत, ही त्यातील तरतूद. परंतु करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला शिक्षा देण्याची सोयही त्यातच होती. तराजूची दोन्ही पारडी दिसावयास सारखी. पण एका पारड्यात धनको आणि दुसऱ्यात उपाशी माणूस बसला असता तोल कोणीकडे जाणार, हे वाचकांस सांगावयास नको.

पुढील शतकाच्या आरंभी ठेकेदार एतद्देशीय झाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९०३ च्या सुमारास लक्ष्मणराव बळवंत फाटक या रेल्वेतील कारकुनाशी भागीदारी केली. घरचा व्यापार वालचंदांचा, रेल्वेच्या कामाची माहिती फाटकांची. बार्शी लाइट रेल्वेच्या मार्गबांधणीपासून त्यांच्या धंद्याला सुरुवात झाली. बार्शीसारख्या लहान गावाच्या आसऱ्याने निघालेली ही भागीदारी वाढत गेली आणि १९२६ मध्ये स्थापन झालेल्या, हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन या नावाने प्रसिद्ध असलेल्या कंपनीचे ती बीज ठरली. या कंपनीच्या आरंभीच्या कामांत बोरघाटातील नव्या बोगद्यांचे काम होते. ज्या घाटात साठ वर्षांपूर्वी एतद्देशीयांनी केवळ पाट्या वाहिल्या, तेथेच आता आपल्या माणसाने ठेका घेतला. ही अभिमानाची गोष्ट होय. तथापि मालक आपला झाला म्हणजे मुकादमाची साखळी आपोआप तुटते, असे नाही. तिच्यासाठी कायदा लागतो, आणि कायद्यापेक्षाही जागे मन लागते. बांधकाम मजुरांची कल्याण मंडळे स्थापण्याचा आणि त्यासाठी बांधकामखर्चावर उपकर बसविण्याचा कायदा संसदेने केला तो १९९६ मध्ये. १८६० पासून मोजले तर मध्ये तब्बल १३६ वर्षे गेली.

आता पुन्हा डिंभ्याकडे वळू. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशा पाच धरणांचा कुकडी प्रकल्प. त्यांपैकी डिंभे धरण २००० मध्ये पूर्ण झाले. सुमारे साडेतेरा टीएमसी पाणी त्यात मावते. त्या पाण्याने दूरदूरची शिवारे हिरवी केली; मात्र ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो ते जुने आंबेगाव जलाशयाच्या पोटात गेले आणि महादेव कोळी समाजाच्या अनेक कुटुंबांच्या जमिनी बुडाल्या. ही कुटुंबे डोंगरउतारावर सरकली. तेथे त्यांच्या उपयोगी पडली ती त्यांचीच जुनी रीत, 'पडकई'. उतारावर दगडांचे बांध रचावयाचे, माती सपाट करावयाची, भातखाचर तयार करावयाचे. आज सर्वांनी मिळून एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. येथे ठेकेदार नाही आणि मुकादमही नाही. 'शाश्वत' या संस्थेच्या साहाय्याने हे काम रोजगार हमी योजनेला जोडले गेले, तसेच विस्थापितांनी जलाशयात मासेमारीसाठी सहकारी संस्था उभारली. 'शाश्वत'च्या कार्याला २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाकडून दिले जाणारे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

साऱ्या बांधकामांसाठी पडकई पुरेल, असे आमचे म्हणणे नाही. बोगद्याला आणि धरणाला भांडवल लागते, अभियंता लागतो, जोखीम पत्करणारा ठेकेदारही लागतो. ॲलिस ट्रेडवेल यांच्या चिकाटीविना आणि फाटक-वालचंदांच्या धाडसाविना ती कामे रखडलीच असती. आमचा मुद्दा एवढाच की, ज्याचे श्रम दिसतात त्याच्यापर्यंत हिशेब पोहोचला पाहिजे. पडकईत तो पोहोचतो, कारण देणारा आणि घेणारा एकाच बांधावर उभे असतात. हात वाढतात, अंतर वाढते, तेव्हा तो कोणीतरी मुद्दाम पोहोचवावा लागतो.

आपल्या कुटुंबांतही घरे बांधली जातात, आवाराच्या भिंती उठतात, शाळेला खोल्या जोडल्या जातात. मिस्त्रीला पैसे मोजून दिले की आपण मोकळे झालो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या मिस्त्रीच्या हाताखाली पाट्या वाहणारी बाई शनिवारी संध्याकाळी किती घेऊन घरी गेली, हे एकदा विचारून पाहावे. विचारावयास पैसा पडत नाही. बोरघाटात हा प्रश्न वेळेवर विचारणारा कोणी भेटला असता, तर १८५९ च्या त्या दंग्याची वेळच आली नसती.