जीवेचा ‘साइन’ कसा झाला?

दहावीच्या वर्गात ‘साइन म्हणजे काय?’ या प्रश्नाला आपण ‘समोरची बाजू भागिले कर्ण’ असे उत्तर देतो. उत्तर बरोबर आहे. पण या गुणोत्तराला ‘साइन’ हेच नाव का, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले तर? त्याचे उत्तर भाषांतराच्या इतिहासात सापडते.

आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये ‘आर्यभटीय’ रचले. वर्तुळाचा कंस म्हणजे धनुष्य आणि कंसाची टोके जोडणारी रेषा म्हणजे त्याची दोरी, अशी कल्पना करून त्या रेषेला ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ म्हणत. ग्रीक ज्योतिषी टॉलेमीने पूर्ण जीवांचे कोष्टक केले होते. भारतीयांनी आकडेमोडीच्या सोयीसाठी अर्धी जीवा घेतली. ‘अर्धज्या’तील ‘अर्ध’ पुढे गळून पडले आणि नुसती ‘ज्या’ उरली. आर्यभटाने दिलेल्या फरकांची बेरीज करत गेल्यास, त्रिज्या ३४३८ असताना ३० अंशांची ज्या १७१९ मिळते. भागाकार करून पाहा, बरोबर ०.५ येतो!

आठव्या शतकात बगदादमध्ये भारतीय ज्योतिषग्रंथ अरबीत गेले. तेथे ‘जीवा’चे भाषांतर झालेच नाही, ‘जीबा’ असा उच्चारच उचलला गेला. अरबीत स्वरचिन्हे बहुधा लिहीत नाहीत, त्यामुळे कागदावर ज, य, ब एवढीच अक्षरे राहिली. ‘जीबा’ला अरबीत काही अर्थ नव्हता. पुढील वाचकांनी तीच अक्षरे ‘जैब’ अशी वाचली. जैब म्हणजे अंगरख्याचा छातीवरील घडीचा भाग. हिंदीतील ‘जेब’ याच शब्दापासून आला आहे.

बाराव्या शतकात स्पेनमधील तोलेदो हे अरबी ग्रंथांच्या लॅटिन भाषांतराचे मोठे केंद्र होते. त्या काळातील भाषांतरकारांनी ‘जैब’साठी ‘सायनस’ हा शब्द योजला. सायनस म्हणजे घडी, खोलगट जागा. नाकाजवळच्या पोकळ्यांना डॉक्टर ‘सायनस’ म्हणतात, तोच हा शब्द. या मंडळींचे भाषांतर चुकले नव्हते; हाती आलेल्या शब्दाचा अर्थ त्यांनी नेमका दिला. चूक त्याआधीच, वाचताना झाली होती.

धनुष्याच्या दोरीची कपड्याची घडी झाली, तरी गणित मात्र बिघडले नाही. असे का झाले? कारण शब्दाबरोबर आकृती, कोष्टक आणि रीत यांनीही प्रवास केला. कोणीही आकडे पडताळून पाहू शकत होता. कवितेत असा घोटाळा झाला असता, तर तो सावरायला दुसरे काहीच नव्हते.

आज मराठी पाठ्यपुस्तकात ‘जीवा’ आहे आणि ‘साइन’ही आहे. एकाच घरातली ही भावंडे वेगवेगळ्या वाटांनी आली, म्हणून एकमेकांना ओळखत नाहीत. ती ओळख आपण वर्गात करून देऊ शकतो. १० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायला सांगा. केंद्राशी ६० अंशांचा कोन करणारी जीवा मोजली की ती १० सेंटिमीटर भरेल. केंद्रातून तिच्यावर लंब टाकला की जीवेचे आणि कोनाचेही दोन सारखे भाग होतात. अर्धी जीवा ५, कर्ण १० आणि कोन ३० अंश! मग ‘साइन ३०’ किती, हे विद्यार्थीच सांगतील.

शब्द पाठ होऊनही अर्थ हरवू शकतो. पडताळून पाहण्याची सवय असेल, तर हरवलेला अर्थही परत मिळतो.